पानसुपारीच्या खर्चातले लग्न

दिवाळीचा फराळ डब्यातून संपलेला नसतो, तोच अंगणात तुळशीचे लग्न लागते. उसाच्या दोन-चार कांड्यांचा मांडव, आवळे, चिंचा आणि बोरे, आंतरपाट म्हणून घरातलाच एखादा पंचा, आणि मंगलाष्टके ज्याला येतील तो म्हणणार. अर्ध्या तासात कार्य आटोपते आणि मुले चुरमुरे-बत्तासे खाऊन पांगतात. या लग्नापायी कोणी कर्जबाजारी झाल्याचे आजवर ऐकिवात नाही. पण तुळस बोहल्यावरून उतरली, की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. मग घरोघर वह्या निघतात, बेरजा मांडल्या जातात, आणि मुलीच्या बापाच्या कपाळावर एक आठी उमटते ती वैशाख संपेपर्यंत पुसली जात नाही.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालेला वाटसरू भोसरी ओलांडून मोशी-चाकणकडे जाऊ लागला, की दोहो बाजूंना कारखान्यांच्या जोडीने मंगल कार्यालयांच्या पाट्या दिसू लागतात. लग्नसराईच्या संध्याकाळी या रस्त्यावर दोन गर्दी एकमेकींत अडकतात. एक पाळी सुटलेल्या कामगारांची, दुसरी वरातीची. त्या खोळंब्यात अडकून बसले असता विचार येतो, की लग्नाचा हा एवढा डोलारा आपल्याकडे आला कोठून, आणि तो खाली उतरवून ठेवण्याचे धाडस प्रथम कोणी केले? योग असा, की या प्रश्नाचे उत्तर ह्याच रस्त्याच्या आसपास सापडते. एक टोक पुण्यात आहे, दुसरे जुन्नर तालुक्यात.

डोलाऱ्याची गोष्ट आधी सांगतो, कारण ती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न झाले. नवरदेवाला नऊ वर्षेही पुरी झाली नव्हती. नवरी थत्त्यांची मुलगी, रमाबाई. कार्याची सूत्रे नाना फडणविसांच्या हाती होती, आणि नाना म्हणजे टिपणाशिवाय पाऊल न टाकणारा माणूस. सरदार-जहागीरदारांना आमंत्रणे, त्यांचे उतारे, पंगती, वरातीची वाट, कोणी कोणाच्या उजवीकडे बसायचे, या साऱ्याची तजवीज राज्यकारभारासारखी झाली. हे लग्न कुटुंबाचे नव्हते, राज्याचे होते. राघोबादादांच्या भानगडीतून आणि इंग्रजांशी झालेल्या युद्धातून दौलत नुकतीच सावरली होती, आणि ती सावरली आहे हे मित्रांना व शत्रूंना दाखवायचे होते. तो खर्च एका अर्थी मुत्सद्देगिरीचा होता, त्याला आपण नावे ठेवू नयेत. पण दरबारातला थाट दरबारापुरता राहत नाही. पेशव्यांची वरात पाहिलेला सरदार तसाच घाट आपल्या घरी घालतो, सरदाराची पाहून सावकार घालतो, सावकाराची पाहून पाटील घालतो. खजिना मात्र वरच्याकडेच राहतो. खाली उतरते ती नुसती रीत.

आता गावाकडे येऊ. जुन्या काळचे खेड्यातले लग्न आपण समजतो तितके साधे नव्हते, आणि आपण समजतो तितके महागही नव्हते. हजार माणूस जेवून जाई, मांडव चार-चार दिवस उभा असे, हळद, तेलवण, देवक, रुखवत, वरात, काहीएक सुटत नसे. मग हे परवडे कसे? परवडे अशासाठी, की त्यातला थोडाच भाग रोख पैशाचा असे. मेढी आणि डहाळे रानातून येत. मांडव भाऊबंद घालीत. हळद आळीतल्या बायका ओव्या म्हणत जात्यावर दळीत. परटाने पायघड्या घालायच्या, कुंभाराने बोळकी-घट आणायचे, सुताराने चौरंग-पाट करून द्यायचे. ज्याचे त्याचे बलुते ठरलेले. दूध शेजारच्या गोठ्यांतून जमा होई आणि मोठी भांडी गावाच्या मालकीची असत.

आणि अहेराची वही! इतिहास लिहिणाऱ्यांनी ह्या वहीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. मांडवाच्या कोपऱ्यात एक अक्षरवळण चांगले असलेला गृहस्थ दौत-लेखणी घेऊन बसे आणि कोणी किती रुपये, कोणते लुगडे, किती खण आणले ते नावनिशीवार टिपून घेई. वरवर पाहता हा हिशेबीपणा वाटतो. पण ती वही म्हणजे गावची पतपेढीच होती. आज तू माझ्या कार्याला पाच दिलेस, उद्या तुझ्या कार्याला मी पाच नाही तर सहा देईन. बिनव्याजी, बिनकागदी आणि सहसा न बुडणारे कर्ज! लग्नाचा खर्च मोठा असे खरा, पण तो एका घराच्या पाठीवर पडत नसे. साऱ्या भावकीच्या खांद्यांवर वाटला जाई. आज निमंत्रणपत्रिकेवर ‘कृपया अहेर आणू नये’ असे सभ्यपणे छापले जाते. हेतू चांगलाच आहे. पण त्या एका ओळीने येणारी मदत तेवढी थांबली, येणारी माणसे काही कमी झाली नाहीत. हात लावणाऱ्या भाऊबंदांच्या जागी रोख पैसे मागणारा कंत्राटदार आला, आणि वही मात्र बंद झाली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखाली ही घडी विस्कटू लागली. सारा रोखीत भरायचा झाला, तेव्हा रोख पैशाला नवे मोल आले, आणि तो मिळण्याचे ठिकाण म्हणजे सावकाराची पेढी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला आणि कर्जरोख्यांच्या होळ्या केल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव पसरले. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहेत. सरकारने चौकशीस कमिशन नेमले. तेव्हाच्या शहाण्या मंडळींत एक मत सर्रास चालत असे, की कुणबी कर्जात बुडतो तो लग्नकार्यांतल्या उधळपट्टीमुळे. कमिशनने हे मत तपासले आणि सांगितले ते आजही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लग्नखर्चाला या बाबतीत फाजील महत्त्व दिले गेले आहे; रयतेच्या ऐपतीच्या मानाने तो जास्त असेल, पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि कर्जाचे मूळ बहुधा तेथे नसते, असा त्यांचा अभिप्राय पडला. जोतीराव फुल्यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात हा आरोप खोडून काढला आहे. शेतकऱ्याच्या घरचे लग्न म्हणजे काय चीज असते ते त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यात उधळायला होतेच काय?

मग ज्या जोतीरावांनी शेतकऱ्याच्या लग्नखर्चाची बाजू घेतली, त्यांनीच लग्न पानसुपारीवर आणून ठेवावे, हे कसे? यात विसंगती नाही. शेतकऱ्याने आनंद करू नये, असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. त्यांचा प्रश्न वेगळा होता: लग्न ज्याच्या घरचे, त्याच्यावर हक्क सांगणारे इतके परके का?

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे त्याचे एक मुख्य सूत्र. हे सूत्र सभेत मान्य करणे सोपे; घरच्या कार्यात मान्य करणे महाकठीण. माणूस व्याख्यानाला टाळ्या वाजवतो, पण स्वतःच्या मुलीचा मुहूर्त आला की त्याची छाती धडधडू लागते. काही कमीजास्त झाले तर? भावकीने वाळीत टाकले तर? ही धडधड ज्यांनी प्रथम आवरली त्यांत एक बाई होत्या, बजूबाई निंबणकर. या सावित्रीबाई फुल्यांच्या मैत्रीण. त्यांची मुलगी राधा हिचे लग्न सीताराम जबाजी आल्हाट यांच्याशी ठरले, आणि समाज स्थापन होऊन तीन महिने नुकतेच पुरे झाले असता, २५ डिसेंबर १८७३ रोजी, ते पुरोहितावाचून लागले. सत्यशोधक पद्धतीचा हा पहिला विवाह. खर्च म्हणाल तर काय तो पानसुपारीचा. हुंडा नाही, दक्षिणा नाही, मानपान नाही.

वाचकहो, क्षणभर त्या घरातल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्यांनी नुसती काटकसर केलेली नव्हती. ‘हे लग्न धर्माला धरून झाले काय?’ या प्रश्नाला तोंड द्यायचे होते. उद्या या मुलीच्या लेकरांची सोयरीक कोण करील, ही धास्ती होती. आजच्या कार्यात साखरेचा पाक बिघडला म्हणून रात्रभर झोप न लागणारे आपण! त्या रात्री त्या घरी कोणाला झोप लागली असेल का, कोण जाणे. पुढल्याच वर्षी, ७ मे १८७४ रोजी, ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांचा विवाह याच पद्धतीने झाला, आणि विरोधकांचा विरोधही तसाच झाला. पण पायंडा पडला तो पडला.

या विवाहात पुरोहिताची जागा रिकामी ठेवली नव्हती, ती वधूवरांना दिली होती. आणि मला वाटते, सारे मर्म येथे आहे. पुढे १८८७ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची मंगलाष्टके आणि पूजाविधी छापून प्रसिद्ध केला. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. स्त्रियांना स्वातंत्र्याची ओळखच नाही, ते मिळवून देण्याची शपथ घे, अशा अर्थाचे मागणे वधू करते, आणि त्यासाठी झटेन असे वर सर्वांसमक्ष कबूल करतो. कळणाऱ्या मराठीत! आंतरपाटाच्या दोन बाजूंना खाली मान घालून उभ्या राहणाऱ्या पोरीला लग्नात बोलायचा पाठ मिळाला. त्या काळच्या मुली वयाने लहानच असत, तेव्हा त्या शब्दांचा सारा अर्थ त्यांना त्या दिवशी कळला असेल असे मी म्हणत नाही. पण मांडवात बसलेल्या बायकांना तो नक्की कळला असणार.

याच सुमारास, म्हणजे १८७२ साली, सरकारने नोंदणी विवाहाचा तिसरा कायदा केला होता. त्याखाली लग्न करायचे तर ‘मी हिंदू धर्म मानीत नाही’ अशा तऱ्हेचे लिहून द्यावे लागे. सत्यशोधकांचे लग्न असे सरकारी मेजासमोर लागत नव्हते. ते चारचौघांत लागत होते, नेहमीच्या सोयऱ्याधायऱ्यांच्या डोळ्यांदेखत, हळद आणि अक्षतांसह. वगळले होते ते एवढेच, की कोणा एकाचा ठरलेला हक्क.

आणि हक्क सोडायला कोण सहज तयार होतो? त्याची कथा पाहायला आपल्याला भोसरीवरून उत्तरेकडे, नारायणगाव मागे टाकून आळेफाट्यापर्यंत जावे लागेल. तेथून कल्याणच्या रस्त्याला वळले की ओतूर लागते. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ज्या गावी आहे, तेच हे ओतूर. येथल्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ च्या सुमारास आपल्या घरची लग्ने जोशीबुवांना न बोलावता लावली. गावजोशाने दावा लावला. मला बोलावले नाही तरी माझी दक्षिणा चुकत नाही, ते माझे वतन आहे, असा त्याचा पक्ष. आज आपल्याला हसू येते, पण गावगाड्याच्या नियमाने त्याचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नव्हते. वतन म्हणजे काम करो वा न करो, चालत आलेले उत्पन्न. आणि त्या बिचाऱ्याचीही चूल त्याच्यावरच चालत होती. प्रकरण कोर्टाच्या पायऱ्या चढत मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १८९० च्या सुमारास निकाल पाटलांच्या बाजूने लागला. ज्याला विधी आपल्या पद्धतीने करायचा आहे, त्याच्याकडून न केलेल्या कामाचा मोबदला वसूल करता येत नाही. पुढे १९२६ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांच्या खटपटीने याविषयी कायदाच झाला.

एका लग्नाच्या दक्षिणेसाठी एवढे वाद! रक्कम म्हणाल तर थोडी. पण पाटलांनी ती भांडून वाचवली ती पैशासाठी नव्हे. दक्षिणेपेक्षा वकिलालाच जास्त गेले असणार. माझ्या घरच्या मांडवात कोणाला बोलवायचे ते मी ठरवीन, एवढेच त्यांना वदवून घ्यायचे होते.

जोतीरावांच्या स्वतःच्या घरचे कार्य ४ फेब्रुवारी १८८९ रोजी झाले. दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न ग्यानोबा ससाण्यांच्या राधेशी सत्यशोधक पद्धतीने लागले. हे ससाणे म्हणजे १८७४ साली ज्यांचे लग्न झाले तेच. आदल्या वर्षी जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला होता, उजवी बाजू लुळी पडली होती, आणि घरात पैशाची ओढाताण होती. पण या लग्नातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट खर्चाची नाही. सावित्रीबाईंनी ह्या भावी सुनेला लग्नाआधीच घरी आणून ठेवले होते. तिने घर ओळखावे, यशवंताला ओळखावे, चार अक्षरे शिकावी, आणि मग लग्न व्हावे. १८८९ साली! लग्नाच्या तयारीचा अर्थ एका सासूने असाही लावला होता.

आता पुन्हा भोसरीला येऊ. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळरानांवर आखणी सुरू झाली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. ज्यांच्या जमिनी गेल्या वा पुढे विकल्या गेल्या, त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्यांत न पाहिलेला रोख पैसा आला. कुस्तीच्या फडासाठी आणि कबड्डीसाठी नावाजलेल्या या गावांत लग्नांचेही फड रंगू लागले. जमिनीचा मालक म्हणून जी प्रतिष्ठा होती ती जमीन गेल्यावर कोठे दाखवायची? मांडवात. टीका करणे सोपे आहे, पण त्या मागचा सल समजून घ्यावा असे मला वाटते.

दुसरीकडे याच गावांत मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातून आलेला कामगार भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या बहिणीचे लग्न गावी. रजा जेमतेम, कंपनीतली उचल, पतपेढीचे कर्ज, आणि गावात ‘पोरगा पुण्याला कंपनीत आहे’ हा लौकिक. हा लौकिकच त्याला महाग पडतो. ते कर्ज फिटेपर्यंत बहिणीचा मुलगा शाळेत जाऊ लागतो. दख्खनच्या कमिशनने म्हटले होते, की असे प्रसंग क्वचित येतात. पगारावर जगणाऱ्या माणसाला एकच प्रसंग पुरतो.

या कामगारांतली कित्येक मुले-मुली आळंदीची वाट धरतात. भोसरीवरून आळंदी काही फार लांब नाही. इंद्रायणीकाठच्या धर्मशाळांत आणि छोट्या कार्यालयांत वर्षभर लग्ने लागत असतात. कोणाची परिस्थितीमुळे, कोणाची घरच्यांचा विरोध म्हणून. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांचा संसार ज्या गावी मांडला गेला आणि ज्या गावाने तो संसार सुखाने होऊ दिला नाही, त्याच गावी आज वाळीत पडण्याची भीती असलेली जोडपी लग्नाला येतात. ज्ञानोबांच्या नगरीने जुने देणे असे फेडले म्हणायचे.

कायद्यानेही वाट आता सोपी केली आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली धर्म नाकारण्याची अट नाही. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न लागते. सत्यशोधक पद्धतीचे विवाह पुणे जिल्ह्यात अजून होतात. ज्यांना आपल्या रीतीप्रमाणेच करायचे आहे त्यांनी तसे खुशाल करावे. हळद दळणाऱ्या हातांना आणि ओव्यांना कोणाचाच विरोध नव्हता, जोतीरावांचाही नव्हता. पण यादी करायला बसाल तेव्हा प्रत्येक कलमापुढे एक प्रश्न लिहून पाहा: हे आपल्याला हवे आहे, की कोणाचा तरी हक्क म्हणून चालले आहे? विहिणीचा मान, चुलत्याचा फेटा, न ओळखणाऱ्या पाचशे माणसांची पंगत, वरातीपुढचा कानठळ्या बसवणारा गोंगाट. ओतूरच्या जोशीबुवांचे वतन कायद्याने गेले. ही बिनकागदी वतने मात्र आपण आपल्या हाताने भरतो. आणि जमल्यास अहेराची वही पुन्हा उघडा. लुगडी-भांड्यांची नव्हे, हातभाराची. कोणी स्वयंपाकाला, कोणी मांडवाला, कोणी पाहुण्यांच्या उताऱ्याला. ज्याने पंगतीत वाढले त्याला ते लग्न जन्मभर आठवते. जो नुसता जेवून गेला त्याला आठवडाभरही नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असता, महाराष्ट्र सरकारने हुकूम काढला की लग्नाला पंचवीस माणसे आणि वेळ दोन तास. त्या वर्षी ठरलेली कार्ये कितीएक घरांनी त्याच मुहूर्तावर उरकली. हजाराच्या याद्या पुढ्यात घेऊन माणसे बसली आणि नावे खोडू लागली. पुढारी गेले, बापाचे साहेब गेले, ज्यांच्या पत्रिकेला उत्तर म्हणून पत्रिका द्यायची ते सगळे गेले. आत्या, मामा, शेजारच्या काकू, मुलीच्या दोन मैत्रिणी आणि आजी, एवढी राहिली. आजीला मात्र प्रत्येक घराने पहिल्या ओळीत बसवले.